गव्हाणीतलं बाळ

फोन आला तेव्हा गुरुदत्त कंपनीत ब्रेकच्या पेडलला गेज लावून उभा होता. फादर ऑल्विन बोलत होते, त्याच्या मुलीच्या, ऋचाच्या, शाळेचे प्रिन्सिपल. "गुरुदत्तजी, एक छोटंसं काम होतं. नाताळच्या गव्हाणीतलं बाळ कुठल्या खोक्यात ठेवलंय तुम्ही? मेंढ्या सापडल्या, गाढव सापडलं, योसेफसुद्धा सापडला. बाळ तेवढं मिळेना. सिस्टर अगाथा शनिवारी कायमच्या गावाकडे, श्रीरामपूरला, जातायत ना, त्यांना ते बरोबर न्यायचंय." गुरुदत्त म्हणाला, "आहे आहे. व्यवस्थित आहे." फोन खिशात टाकला, पेडल परत हातात घेतलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण आत्ता जे बोललो ते धडधडीत खोटं आहे. खोटं बोलल्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. सप्लायरशी तो रोजच थोडंफार बोलतो. विचित्र गोष्ट वेगळीच होती. मागच्या रविवारी आपण जे केलं ती चूक होती, हे त्याला आत्ता, या पेडलपाशी, पहिल्यांदा कळत होतं. तोपर्यंत ते त्याच्या मनात एक चांगलं काम म्हणून जमा होतं. अधूनमधून, चाकण चौकात ट्रकच्या मागे अडकला की, तो ते काढून बघायचा आणि त्याला बरं वाटायचं. बाळ इंद्रायणीत होतं. निघोज्याच्या बाजूला, कंपनीकडे येताना उजव्या हाताला जो पायवाटेसारखा उतार आहे तिथून त्यानं ते स्वतः पाण्यात सोडलं होतं. तीनदा बुडवून वर काढलं आणि चौथ्यांदा हात काढून घेतला. रीतीप्रमाणे.

शेजारच्या लाइनवरून कोणीतरी ओरडलं, "साहेब, लॉट पास का?" आणि गुरुदत्तला क्षणभर वाटलं, बाळाबद्दलच विचारतायत. कुठल्या लॉटबद्दल विचारतायत? क्वालिटीमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं डोकं एकाच वाटेनं जातं. दोष सापडला की विचारायचं, का? उत्तर आलं की त्या उत्तराला विचारायचं, का? असं पाच वेळा खाली उतरलं की मूळ सापडतं, असं त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. बाळ नाही. का? नदीत सोडलं. का? कारण गव्हाणी आवरायची होती. मग आवरताना नदीत का? कारण देव होता. इथं तो थांबला. याच्या खाली काही उतरताच येत नव्हतं. देव होता, पूजा झाली होती, दिवस भरले होते. पूजा झालेला देव थर्माकोलच्या भुश्शात, गाढवाच्या पायाशी, वर 'नाजूक' असं लिहिलेल्या खोक्यात घालून माळ्यावर टाकायचा, असं कोणी करेल का? त्यानं शिक्का मारला, "पास," म्हणाला, आणि लॉट पुढे गेला.

खरं तर ही सगळी सिस्टर अगाथांचीच करणी. सेंट ओडिलिया शाळा मोशीच्या पुढे, हायवेला लागून, एका बाजूला गोडाऊन आणि दुसऱ्या बाजूला मंगल कार्यालय अशी दाबून बसलेली. मुलं निम्म्याहून जास्त कंपनीवाल्यांची. लातूरची, बीडची, जुन्नरची, राजगुरुनगरची. ख्रिस्ती मुलं वर्गात एखाददुसरी. तिथं दरवर्षी सर्वधर्म दिवस व्हायचा. म्हणजे एक मुलगा फेटा घालून, एक टोपी घालून, एक क्रूस घेऊन स्टेजवर उभा राहायचा आणि सगळे हात धरून फोटो काढायचे. सिस्टर अगाथा ऐंशीच्या पुढे होत्या, शिकवणं कधीच बंद झालं होतं. मागच्या रांगेत बसून बघायच्या. एक दिवस त्या पालकसभेत उठून म्हणाल्या, "देव नुसता बघून कळत नाही. त्याचं काम करावं लागतं. घरात सून येते, ती फोटोवरून कळते का? स्वयंपाकघरात दोघी उभ्या राहिल्या की कळते." आणि मग त्यांनी अदलाबदल काढली. गणपतीची आरास ख्रिस्ती घरांनी करायची, नाताळची गव्हाणी हिंदू घरांनी. सेवा म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना गुरुदत्तचा हात सगळ्यात वर दिसला असावा, कारण कमिटीचा प्रमुख तो झाला.

हे पहिलंच वर्ष. गणपतीत ख्रिस्ती मंडळींनी आरती म्हटली ती कागदावर छापून, चर्चच्या गायकांना घेऊन, चार आवाजांत. इतकी संथ की तबकातला कापूर तीनदा संपला. पूजेला बसलेले दौलतराव, मोशीचे जुने गाववाले, डोळे मिटून उभे होते ते तसेच मागच्या मागे कलंडले. नंतर म्हणाले, "झोप न्हाई लागली, समाधी लागली." नाताळला हिंदू मंडळींनी त्याची परतफेड केली. गव्हाणी कशी असते हे नीटसं कोणालाच माहीत नव्हतं, पण दिवाळीचा किल्ला कसा असतो हे सगळ्यांच्या हाताला माहीत होतं. मग किल्ला झाला. बुरूज, महादरवाजा, हळीव पेरलेला डोंगर, मोटार लावलेला धबधबा. गोठा वर बालेकिल्ल्यावर. मेंढपाळ कमी पडले म्हणून घरचे मावळे आणले. बाळाच्या दर्शनाला निघालेले तिन्ही राजे उंटावरून महादरवाज्यात आले तेव्हा एक भालेवाला त्यांना अडवून उभा होता, आणि बाळाच्या उशाशी दोन तोफा. गुरुदत्तला घाम फुटला होता. सिस्टर काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. बेथलेहेमला तेवढा पहारा नव्हता. बाळं मारणाऱ्या हेरोद राजाची भीती गेली." आणि त्यांनी झग्याच्या खिशातून एक पुडकं काढलं, कापूस बाजूला केला आणि बाळ स्वतःच्या हातानं गवतावर ठेवलं. वीतभर. मातीचं. नाक जरा बसकं, रंग गव्हाळ. दुकानातल्या गुलाबी बाळांसारखं नाही, आपल्याकडच्या कुठल्याही अंगणवाडीत सापडेल असं.

त्या बाळाचा त्याला लळा लागला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. संध्याकाळी ऋचाला क्लासवरून घेताना तो पाच मिनिटं गव्हाणीपाशी उभा राहायचा. दिवे नीट आहेत का बघतोय असं दाखवायचा. घरी देव्हारा होता, पण देव्हाऱ्यातले देव वडिलांच्या वेळचे, मोठ्या माणसांसारखे. त्यांच्यापुढे उभं राहिलं की मार्कं सांगावीशी वाटायची. हे बाळ काही विचारत नव्हतं. हात पसरून पडलेलं असायचं, कोणीतरी उचलून घ्यावं म्हणून. म्हणून मग सहा जानेवारीचा तीन राजांचा सण उलटला, गव्हाणी उतरवायचा दिवस आला, बाकीची मंडळी मावळे आपापल्या घरी घेऊन गेली आणि कमिटीतली मिनल म्हणाली, "सर, हे सगळं खोक्यांत भरायचं ना?" तेव्हा त्यानं मेंढ्या भरल्या, गाढव भरलं, योसेफ आणि मारियाला वेगवेगळ्या कागदांत गुंडाळलं आणि बाळापाशी त्याचा हात थांबला. मिनलला म्हणाला, "याचं मी बघतो." तिला वाटलं, सर घरी नेऊन जपून ठेवतील. त्यानं जपूनच केलं होतं सगळं. बाळ उलटं करून, नखानं खरवडून आधी खात्री केली होती की प्लास्टर नाही, शाडूसारखी माती आहे, पाण्यात विरघळेल, नदीला त्रास नाही. रंगसुद्धा साधे होते. इतकी तपासणी केली होती! हे करावं की नाही, एवढं सोडून सगळं तपासलं होतं.

रविवारी सकाळी तो उतारावर बूट काढून पाण्यात उभा राहिला तेव्हा पलीकडे कोणीतरी टेम्पो धूत होतं आणि नदीवर साबणासारखा पांढरा फेस होता. तो त्यानं हातानं बाजूला सारला. गोल जागा झाली, त्या गोलात आकाश दिसलं. लहानपणी राजगुरुनगरला भीमेच्या पाण्यात वडील त्याचा हात आपल्या हातात धरून गणपती सोडायचे. पाण्याखाली गणपतीचं वजन जायचं, आणि मग वडिलांच्या हाताचंच वजन उरायचं. एका वर्षी त्यानं गणपती द्यायलाच नकार दिला होता. मांडीत घेऊन बसला, भोकाड पसरलं. आई म्हणाली, पाहुण्याला वेळेवर निरोप दिला नाही की पाहुणा अवघडतो, बाबा. जायचं असतं त्याला, पण बोलता येत नाही. हे वाक्य त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की नंतर आयुष्यभर तो पाहुण्यांच्या अवघडण्यालाच घाबरत आला. सासरे आले की तिसऱ्या दिवशी तोच रिक्षा बोलवायचा, आणि बायको, सुखदा, दोन दिवस बोलायची नाही. तर त्या सकाळी ढोल नाही, गुलाल नाही, ट्रॅक्टर नाही. पहिल्यांदाच तो एकट्यानं देव सोडत होता. काय म्हणावं सुचेना. जे ओठांवर आलं ते म्हणाला, पुढच्या वर्षी लवकर या. मग वाटलं, यांचा वाढदिवस पंचवीस डिसेंबरला ठरलेला असतो, लवकर कसे येतील? तरी म्हणाला. हात सोडला, आणि त्याला इतकं शांत वाटलं की बूट तिथंच विसरून तो गाडीपर्यंत अनवाणी गेला.

आता त्या शांतपणाचं काय करायचं, हा प्रश्न होता. तो चुकून मिळालेला होता, पण परत करता येत नव्हता.

संध्याकाळी त्यानं सुखदाला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "तू काय केलंस म्हणालास?" त्यानं परत सांगितलं. ती आधी हसली, मग ओट्याला टेकून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "लोक शाळेच्या कमिटीत जातात ते ॲडमिशनसाठी. तू येशूचं विसर्जन करून आलास. बरं, जाऊ दे, तुझ्या मनात वाईट नव्हतं." त्याची आई, मंजुळाबाई, राजगुरुनगरहून फोनवर होती. मंजुळाबाईंना तर यात चूक काय तेच कळेना. "मंग काय करायचं व्हतं? देवाला गाढवासंगं खोक्यात कोंबायचं?"

"आई, त्यांच्यात ठेवतात. दरवर्षी तेच काढतात."

"त्यांच्यात ठिवत आसतील. तू त्यांच्यातला हायस का? तुझ्या हातात आला तवा तुझ्या रीतीनं जानार. निवद दाखावला व्हतास?"

"केकचा. नाताळला."

"मंग झालं तर. पोटभर खाऊन गेला. उगा जीव नको जाळू."

म्हणजे इकडून माफी झाली. इतकी पटकन झाली की त्याला फसवल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तो फादर ऑल्विनांच्या ऑफिसात गेला आणि दार लावून घेतलं. फादर तरुण, कोकणातले, गिटार वाजवणारे, कायम आनंदात. गुरुदत्तनं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मिनिटभर कोरा झाला. भिंतीवरचा पंखा बंद असूनही ते पंख्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पसरला. "पण गुरुदत्तजी, हे किती सुंदर आहे!" गुरुदत्तला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. तो म्हणाला, "फादर, मी ते नदीत बुडवलं." "हो, प्रेमानं! तुमच्याकडे जे सगळ्यात आदराचं आहे ते तुम्ही आमच्या बाळाला दिलंत. हेच तर सिस्टरांना हवं होतं. तुम्ही शनिवारी निरोपसमारंभात यावर दोन शब्द बोला. मुलांना समजलं पाहिजे." फादरनी डायरी ओढून घेतली. कंपनीत एकदा एका पोरानं मशिन उलटं फिरवून चुकून चांगला पार्ट काढला होता, तर त्याला बक्षीस देऊन त्याचा फोटो नोटीसबोर्डावर लावला होता. पोरगं आठवडाभर त्या बोर्डासमोरून जायचं टाळत होतं.

"फादर, त्यापेक्षा असं करू," तो म्हणाला. "तुमच्याकडे असतं ना, आत बसून सांगायचं, आणि मग तुम्ही काहीतरी शिक्षा देता. दहा वेळा प्रार्थना वगैरे. ते मला द्या."

फादर ओशाळले. "कबुलीसंस्कार? तो कसा देणार? तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही. मी ऐकून घेऊ शकतो, पण माफ करता येणार नाही. म्हणजे माफ आहेच, पण अधिकृतपणे नाही." त्यांनी कपबशी पुढे ओढली. "चहा घेणार?"

"सिस्टरांना कोण सांगणार?"

"मी सांगणार होतो," फादर म्हणाले. "पण त्यांचं बीपी. तुम्हीच सांगा. किंवा सांगूच नका, आधी कार्यक्रम होऊ दे." आणि त्यांनी चहात साखर घातली, आणि परत घातली.

दोन्ही खिडक्यांवर जाऊन झालं होतं. एका खिडकीवर म्हणाले, तुमचा गुन्हाच नाही. दुसरीवर म्हणाले, गुन्हा आमच्या हद्दीत येत नाही. सगळे इतके चांगले वागत होते की त्याला कुठं टेकायलाच जागा उरली नव्हती. घरी जाताना त्याला दिसलं ते सिस्टरांचं पुडकं. कापूस बाजूला करणारी ती सुरकुतलेली, घाई नसलेली बोटं. बीपीची काळजी करणाऱ्या माणसानं जे करू नये ते मग त्यानं केलं. गाडी दापोडीकडे वळवली.

दापोडीला रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत बुद्धरत्नचा मूर्तींचा कारखाना होता. कंपनीच्या गणपतीची ऑर्डर त्याच्याकडेच असायची. शेडमध्ये एका रांगेत बुद्ध, दुसऱ्या रांगेत अर्धवट गणपती, कोपऱ्यात शिवाजी महाराज घोड्याशिवाय. "शनिवारपर्यंत नवीन कुठं होतंय साहेब," बुद्धरत्न म्हणाला. "वाळायलाच आठवडा लागतो. रेडीमधलं घ्या." त्यानं फळीवरून रांगता बाळकृष्ण काढला. "हा बघा. मोरपीस खरवडतो, पैंजण घासतो, रंग बदलतो. झालं."

"अरे, पण हा रांगतोय. ते पाठीवर झोपलेलं असतं."

बुद्धरत्ननं बाळकृष्ण उचलला आणि उलटा केला. "झोपला."

"आणि हातातलं लोणी?"

"ते काढलं तर बोटं जातील. कापूस म्हणा. थंडीचे दिवस असतात ना त्यांच्यात?" त्यानं मूर्ती उजेडात फिरवली. "बॉडी एकच असते साहेब. आम्हाला ठाऊक आहे. वरचं फक्त बदलायचं."

शुक्रवारी ते तयार झालं. वीतभर, गव्हाळ, पाठीवर आडवं. एक गुडघा दुमडलेला, एक हात वर, त्यात कापसाचा गोळा. चुका नव्हत्या. फक्त ते हसत होतं. तिरकं, जरा जास्तच, काहीतरी चोरून आल्यासारखं. गुरुदत्तनं ते गाडीच्या सीटवर ठेवलं आणि मोशीपर्यंत त्याच्याकडे बघितलं नाही. कंपनीत नापास मालाला थोडं घासून, रंगवून, परत लाइनवर ढकलणारी माणसं असतात. तो त्यांना पकडायचा, त्याचा पगार त्यासाठी होता. आता त्याला त्यांची तोंडं आठवली. ती माणसं लबाड नसायची बहुतेक वेळा. घाबरलेली असायची. समोरच्याला आपल्यामुळे काही कमी पडलं हे त्यांना बघवायचं नाही, म्हणून ती खोटं भरून द्यायची.

शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मुलं रांगेत, पालक हार घेऊन, फादर माइक तपासत. "हॅलो, हॅलो. आणि आपले गुरुदत्तजी आज एक फार सुंदर अनुभव सांगणार आहेत..." ते नुसतं आवाज बघण्यासाठी म्हणत होते, पण गुरुदत्तनं ते ऐकलं आणि तो मांडवाच्या मागून थेट सिस्टरांच्या खोलीकडे गेला. ती दोन शब्दांची वेळ यायच्या आत काय ते करायला हवं होतं. खोलीत लोखंडी खाट, भिंतीवर क्रूस, आणि खाटेवर पत्र्याची ट्रंक. सिस्टर अगाथा ट्रंकेला सुतळी बांधत बसल्या होत्या. बाई आधीच लहानखुऱ्या, आता तर ट्रंकेत मावतील एवढ्याच उरल्या होत्या. "या, गुरुदत्त सर. बाळ आणलंत? बरं केलंत, तेवढंच राहिलं होतं. त्याच्यासाठी वरती जागा ठेवलीय."

त्यानं पुडकं दिलं. त्यांनी कापूस बाजूला केला. खिडकीतून माइकची खरखर येत होती. सिस्टर बघत राहिल्या. चष्मा काढला, झग्याला पुसला, परत घातला आणि पुन्हा बघितलं.

"हे कुणाचं बाळ?"

तेवढंच विचारलं. हेच ते आहे ना, असं विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, त्याची तयारी होती. कुणाचं, याला त्याच्याकडे तयार उत्तर नव्हतं. "दापोडीचं," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. कंपनीत दोष सांगतात तसं, काय, कुठं, कसं. देव पेटीत घालणं जमेना, नदीवर गेलो, माती आहे हे बघून घेतलं, तीनदा बुडवलं. फोनवर फादरना खोटं बोललो. हे दापोडीला करून घेतलं, मूळचं दुसऱ्या कुणाचं आहे.

"पाण्यात सोडलंस?" सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"त्या नदीच्या?"

"फेस होता. बाजूला सारला."

गुरुदत्तनं खाली मान घातली आणि वाट बघितली. आता 'सुंदर' येईल, त्याला वाटलं. तुमच्या भावना शुद्ध होत्या, असं येईल. तो दाराकडे सरकलासुद्धा, ते ऐकून घ्यावं आणि जावं म्हणून.

"मेल्या," सिस्टर अगाथा म्हणाल्या.

त्यानं वर बघितलं. "अरे मेल्या, तोंड नव्हतं तुला? विचारता येत नव्हतं? दिवसभर त्या लोखंडाला दहादा विचारतोस, बरं हायस का, सरळ हायस का, आन् माझ्या भावाच्या बाळाला विचारणारं कोणी नव्हतं? कमिटी करता, टाळ्या वाजवता, फोटू काढता, आन् विचारत कोणीच नाही! माझ्या खोलीचं दार काय लांब होतं व्हय रे? हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं!" त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांची शाळेतली स्वच्छ मराठी गळून पडली आणि आत प्रवरेकाठचं खेडं होतं, तिथल्या विहिरीवरची बाई होती. त्या रडत होत्या आणि रागावत होत्या, दोन्ही एकदम, कशाचंही कशाला न थांबवता. "माझ्या भावानं, लाजरसनं केलेलं ते. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल तोच करायचा. पाटलाचे, वाण्याचे, सगळ्यांचे. उरलेल्या मातीचं बाळ करायचा. दरसाली नवं. तो वारला त्या सालचं हे राहिलं. दरसाली तीन राजे झाले की मी नेऊन वहिनीच्या हातात देते. सगुणा वहिनी. तिला आता दिसत नाही. पाठीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, त्यावर ती बोट ठेवून बसते. घटका घटका बसते."

गुरुदत्तला तो ठसा आठवला. माती तपासायला बाळ उलटं केलं तेव्हा दिसला होता. त्याच्या धंद्यात त्याला डाग म्हणतात. तो खाटेच्या कडेला टेकला, कोणी बस म्हटलं नव्हतं तरी. त्याला लाज वाटत होती, खूप वाटत होती, आणि त्या लाजेला पहिल्यांदाच पाय ठेवायला जमीन मिळाली होती. वडील गेल्यापासून त्याला कोणी असं रागावलं नव्हतं. फादर त्याला जी म्हणत, पालक सर म्हणत, सिस्टरसुद्धा आजपर्यंत अहो-जाहो करत. ही सगळी आदराची माणसं त्याला दारातच खुर्ची टाकून देत होती. आज कोणीतरी मानगूट धरून आत ओढलं होतं.

"सिस्टर, मी काय करू?"

"करणार काय आता? चल. ट्रंक उचल." त्यांनी पदर नसलेल्या बाईनं डोळे पुसावेत तसे बाहीला डोळे पुसले. "वहिनीला तू सांगायचं. मी नाही सांगणार. माझ्यानं होणार नाही."

"आत्ता? श्रीरामपूरला? पण माझी शिफ्ट..."

"ती पण सोड नदीत. तुला सवय हाय."

त्यानं ट्रंक उचलली. दापोडीचं बाळ त्यांनी ट्रंकेत ठेवलं नाही, टाकूनही दिलं नाही. "याला घे मांडीवर," म्हणाल्या. "हे लेकरू कशाला उघड्यावर. परत येताना ज्याचं त्याला नेऊन दे." बाहेर मुलांनी रांगेत गाणं म्हटलं, हार झाले, तिळगूळ झाला. फादर माइकवर म्हणाले, "आता गुरुदत्तजी दोन शब्द..." आणि सिस्टर काठीनं माइक बाजूला करत म्हणाल्या, "शब्द फार झाले, फादर. त्याला काम हाय." सगळ्यांना वाटलं, विनोद आहे. टाळ्या पडल्या. शाळेच्या ड्रायव्हरनं गाडी काढली तेव्हा गुरुदत्त मागच्या सीटवर, शेजारी ट्रंक, मांडीवर कापूस धरून हसणारं बाळ.

चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनर एकामागोमाग एक उभे होते. सिस्टर पुढे बसून जपमाळ ओढत होत्या, की झोपल्या होत्या, कळत नव्हतं. सुखदाचा फोन आला. "कुठंयस? कार्यक्रमातून निघून गेलास म्हणतायत."

"श्रीरामपूरला चाललोय."

"कशाला?"

"शिव्या खायला."

"इथल्या संपल्या का?"

"इथल्या झाल्या," तो हळू आवाजात म्हणाला. "चांगल्या झाल्या."

त्यानं फोन ठेवला आणि पहिलं वाक्य जुळवायला घेतलं. वहिनी, माझ्याकडून एक... नाही. वहिनी, तुमचं जे बाळ... नाही. कुठूनही सुरू केलं तरी वाक्य नदीपाशी येऊन थांबत होतं. शिक्रापूर आलं, गाडी नगर रस्त्याला लागली. पुढच्या सीटवरून, मागे न बघता, सिस्टर म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. ती माझ्यासारखी नाही. मी नुसती बोलते."

"म्हणजे?"

"उभं राहून लांबून सांगू नको, तिला ऐकू येत नाही तसं. जवळ बस. आधी तुझे हात तिच्या हातात दे. माणूस कोण हाय ते ती हातावरून बघती. मग सांग."

गुरुदत्तनं दोन्ही हात पँटला पुसले. मग ते ठेवायचे कुठं, हे त्याला शिरूर येईपर्यंत कळलं नाही.